दोन पट्ट्यांमधला गंधार

आमच्या पेटीत तो सूर नव्हता. एवढ्या एका वाक्यात हे प्रकरण आटोपलं असतं, पण मग सगळा दोष पेटीवर गेला असता, आणि पेटी बिचारी निर्जीव. म्हणून सविस्तर लिहिते. आई शेजारच्या खोलीत पडली आहे. तिला आता बारीक अक्षर वाचता येत नाही, आणि हे तिला वाचून दाखवायला मी काही जाणार नाही.

सिंगापुरात मरीन परेडला बाबांच्या बँकेने दिलेला आमचा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर होता. आता त्याच रस्त्याच्या पोटातून MRT, म्हणजे इथली मेट्रो, जाते. तेव्हा बसची वाट बघत घामाने निथळायचं आणि बस आली की आतल्या एसीत थरथरायचं, असा सगळा प्रकार होता. हॉलमधून समुद्र दिसायचा, पण आमचं खरं घर म्हणजे स्वयंपाकघर. त्याच्या खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर कपडे वाळत असायचे आणि त्या खिडकीतून अख्ख्या बिल्डिंगचा संसार वर यायचा. कोणाची कढई, कोणाचा टीव्ही, खालच्या चिनी आजींचा खोकला, दुपार कलली की लसणीचा आणि वाळवलेल्या कोळंबीचा वास. आई तो वास आला की खिडकी लावून घ्यायची आणि उदबत्ती पेटवायची. वासाला खिडकी लावता येते, आवाजाला येत नाही, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

आईचं नाव सुमन. ती पुण्यात बुवांकडे शिकलेली. बुवांचं आडनाव मी लिहीत नाही. त्यांना मानणारे लोक अजून आहेत आणि मला त्यांच्याशी भांडायचं नाही. आई त्यांची आवडती शिष्या होती म्हणे. तिचा गंडा बांधायचा ठरला होता. गंडा म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटावर बांधायचा दोरा. तो बांधला की तुम्ही घराण्याचे झालात, नाही तर आयुष्यभर 'यांच्याकडे काही वर्षं जात होते' एवढंच. गंड्याचा दिवस ठरला, पण लग्नाचा त्याच्या आधीचा निघाला, आणि बाबांची बदली सिंगापूरला झाली. आईने त्यावर कधी तक्रार केली नाही. तिने फक्त ठरवून टाकलं की आपला राहिलेला गंडा लेकीच्या मनगटावर बांधून घ्यायचा. मी बोलायला लागायच्या आधीपासून ते ठरलेलं होतं, आणि मला कोणी विचारलं नव्हतं.

आमच्या घरात आमटीत मीठ कमी पडलेलं चालायचं, सूर कमी पडलेला चालायचा नाही. कुकरची शिट्टी कुठल्या पट्टीतली आहे ते आई भाजी चिरता चिरता सांगायची, आणि पेटीवर बघितलं तर तशीच निघायची. लिफ्टचं दार उघडताना जी घंटी वाजायची ती 'जराशी उतरलेली' आहे म्हणून तिला चौदा मजले त्रास व्हायचा. इतका कान. असा कान मी पुढे कोणाचा बघितला नाही, हे मी आजही मान्य करते, आणि माझा राग त्यामुळे वाढतोच. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आई बावीस श्रुतींवर तासभर बोलायची. दोन स्वरांच्या मध्ये किती जागा असतात, आपल्या पूर्वजांनी त्या कशा ओळखल्या, परकीयांच्या वाद्यांनी आपले कान कसे बोथट केले, असं सगळं. लोक माना डोलवायचे. घरी आलं की तीच आई परकीयांची पेटी उघडायची, काळी चारचा षड्ज धरायची आणि मला म्हणायची, "म्हण."

पेटी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काळी चारला षड्ज धरला की कोमल गंधार आणि शुद्ध गंधार या शेजारशेजारच्या दोन पांढऱ्या पट्ट्या येतात. मध्ये काळी पट्टीसुद्धा नाही. नुसती फट. आमच्या पेटीच्या त्या फटीत उदबत्तीची राख आणि बेसनाचे कण अडकलेले असायचे. आई दसऱ्याला ती फट काडीने साफ करायची.

तेराव्या मजल्यावर, बरोबर आमच्या खाली, मरियमबाई राहायच्या. त्या शाळेत शिकवायच्या. त्यांचं अरब घराणं कित्येक पिढ्या सिंगापुरात होतं; घरात मलय आणि इंग्रजी चालायचं. त्यांच्याकडे त्यांचे एक म्हातारे मामा येऊन राहिले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक नवा आवाज वर यायला लागला. तार छेडल्याचा, पण सतारीसारखा झणझणीत नाही. खोल, जरा घसा बसल्यासारखा. आईने पोळी लाटता लाटता मान वर केली, थोडं ऐकलं आणि म्हणाली, "कोणीतरी बेसूर वाजवतंय." आणि पोळी उलटली. आमच्या घरात निकाल असेच लागायचे.

ईदला मरियमबाईंनी एक डबा वर पाठवला. मधात भिजलेली, पदर सुटणारी जाड पोळी होती त्यात. अंडं असेल म्हणून आईने ती खाल्ली नाही. बाबांनी आणि मी फडशा पाडला. पण डबा रिकामा परत पाठवायचा नाही हा आमच्याकडचा रिवाज, तेव्हा आईने त्यात चकल्या भरल्या आणि मला खाली पिटाळलं. पुढच्या आठवड्यात डबा खजूर घेऊन वर आला, शेंगदाण्याचे लाडू घेऊन खाली गेला. दोन्ही घरची माणसं रिवाजाची पक्की निघाली, त्यामुळे तो डबा काही कोणाच्या घरी मुक्कामाला राहीना, आणि डब्याबरोबर मी.

मामांना मरियमबाई उस्ताद म्हणायच्या, म्हणून मीही. अंगात पांढरा सदरा आणि कमरेला चौकड्यांची लुंगी, आमच्या कोकणातल्या एखाद्या आजोबांसारखी. मांडीवर तो ऊद. पोट सुटलेलं, मान मोडलेलं वाद्य, आणि त्याला पडदे नाहीत. पेटीला पट्ट्या, सतारीला पडदे, पण ऊदाच्या मानेवर बोट कुठे ठेवायचं हे सांगायला काही म्हणजे काही नाही. मी पहिल्या दिवशी डबा ठेवून निघाले तर ते हिंदीत म्हणाले, "ऊपर तू गाती है? रोज सुनता हूँ. गला अच्छा है. डरती बहुत है." हिंदी ऐकून मी चाट पडले. अस्सल मुंबईची हिंदी. म्हणाले, मुंबईत राहिलोय, तुझी आई जन्मायच्या आधी.

त्यांची हकिकत मला डब्याच्या खेपांत तुकड्या-तुकड्यांनी कळली. अरबी समुद्रापलीकडच्या मुकल्ला बंदरात जन्म, वडील जहाजावर. शीड ओढताना खलाशी जे गायचे ते ऐकत मोठे झाले. मिसरूड फुटायच्या वयात त्याच जहाजाने मुंबईला आले, कारण तेव्हा त्यांच्याकडच्या गवयांच्या तबकड्या मुंबईत निघायच्या. गोदीजवळच्या एका खोलीत सात-आठ जणांत राहिले, इराण्याकडे चहा प्यायले, गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि तबकड्या त्यांच्या आधी घरी पोचल्या. एडनला उतरले तेव्हा धक्क्यावरचे हमाल त्यांचंच गाणं म्हणत होते. हे सांगताना ते अजून लाजायचे. पुढे गाण्यापेक्षा चाली लावण्यात नाव झालं. एडनपासून कुवेतपर्यंत त्यांच्या चालीशिवाय नवरी सासरी जात नव्हती म्हणे. मरियमबाई सांगायच्या की कैरोहून मोठमोठे गायक चाल मागायला माणूस पाठवायचे, आणि उस्ताद त्या माणसाला जेवू घालून रिकाम्या हाताने परत पाठवायचे, कारण त्यांना तो गायक आवडलेला नसायचा.

मग राज्य बदललं. जुन्या सुलतानापुढे गायले होते, म्हणून नव्या लोकांनी आधी नव्या झेंड्याचं गाणं करून घेतलं, ते देशभर वाजवलं, आणि नंतर एक दिवस रेडिओ स्टेशनच्या अंगणात त्यांच्या तबकड्या फोडल्या. फोडणाऱ्यांत त्यांचाच एक तबलजीसारखा साथीदार होता. उस्ताद कुवेतला गेले. तिथे घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला; बोलण्यापुरता उरला, गाण्यापुरता नाही. भाचीने इकडे आणलं. इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, ते टेबल धरून बसायचे आणि शाळेतली पोरं येऊन विचारायची, "अंकल, धिस सीट टेकन?" ज्या माणसासाठी कधी काळी बंदरातली दुकानं बंद व्हायची, तो उठून त्यांना जागा करून द्यायचा. मी बरोबर असले की मला फार राग यायचा. त्यांना येत नसे.

चाली मात्र थांबल्या नव्हत्या. एक मोठं गाणं ते करत होते, समुद्रावरून परत न आलेल्या माणसाच्या आईचं. बोटांत होतं सगळं, पण गळ्याशिवाय त्यांना ते ऐकू येत नव्हतं. म्हणाले, ऊद विचारतो आणि गळा उत्तर देतो. मी किती महिने नुसते प्रश्नच ऐकतोय. म्हणून मी गायला लागले. शब्द मला येत नव्हते, नुसता आकार. ते तुकडा वाजवायचे, मी म्हणायचे, ते डोळे मिटून ऐकायचे आणि मान हलवून तुकडा बदलायचे. टेपरेकॉर्डर घरात होता, पण लावू द्यायचे नाहीत. अर्धं गाणं टेपवर ठेवलं की त्याला नजर लागते, म्हणायचे. पुरं झालं की कुवेतला पाठवू, आणि कागदावर तुझं नाव घालू, सिंगापूरची मुलगी म्हणून.

त्या गाण्यात तो गंधार होता. पहिल्या दिवशी मी शुद्ध गंधार लावला. त्यांनी मान हलवली. कोमल लावला, पुन्हा मान हलवली. मग त्यांनी बोट तारेवर ठेवलं आणि तो सूर नुसता वाजू दिला. दोन्हींच्या मधला. मला आधी तोल गेल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. जिना उतरताना पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. म्हणाले, "डर मत. रुक जा उधर." मी थांबले. थांबले तशी ती पायरी पायाखाली आली. आणि एकदा आल्यावर मला कळेना की इतकी वर्षं मी त्या पायरीवरून नुसती उडी मारून का जात होते. शुद्ध गंधारात आनंद असतो, कोमलात दुःख, असं आई शिकवायची. या सुरात एक बाई बंदरावर उभी होती आणि तिला अजून काहीच कळलेलं नव्हतं. त्या मकामाचं, म्हणजे त्यांच्या रागाचं, नाव रास्त. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, रेशनच्या दुकानासारखं झालं हे. ते हसले. आई हसली नाही. घरी मी एकदा तिला भीत भीत विचारलं, "आई, दरबारीचा गंधार तरी कुठे पेटीत आहे?" आई म्हणाली, "तो वेगळा. तो आपल्याकडे चालत आलाय."

त्या वर्षी मंडळाने गणपतीच्या कार्यक्रमाला बुवांना पुण्याहून बोलावलं. बुवा उतरले आमच्याकडे. आईने आठ दिवस आधीपासून घर डोक्यावर घेतलं होतं; पडदे धुतले, पेटीची फट साफ केली, बाबांच्या बुटांचं कपाट दाराआड लपवलं. कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी अंथरल्या आणि मंडळाची मोजकी मंडळी बोलावली. एका ताटात नारळ, पेढे, हळदकुंकू, बुवांसाठी शाल आणि तो लाल दोरा. मी अकरावीच्या वयाची. परीक्षा झाल्या की पुण्याला बुवांच्या घरी राहून शिकायचं, असं ठरलेलं. त्या दिवशी आई किती सुंदर दिसत होती. ती हिरवी नऊवारी नेसली होती आणि ताटातला दोरा पुन्हा पुन्हा सरळ करत होती. मला तिची कीव आली होती, आणि मी मनापासून ठरवलं होतं की आज हिला हवं तसं गायचं.

मी यमन घेतला. नि, रे, ग. आणि गंधारावर थांबले. मी मुद्दाम केलं नाही. गळा आपला आपण तिथे गेला, जिथे त्याला गेले कित्येक महिने उभं राहायची सवय झाली होती, आणि तो इतका सुखाने तिथे टेकला की मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा बुवांचा हात वर होता. "पुन्हा घे." मी पुन्हा घेतला. आई पेटीवर होती. तिने शुद्ध गंधार दाबला, भात्याला जोर देऊन. तेव्हा मला माझ्या आणि पेटीच्या मधलं ते किरकिरणं ऐकू आलं. मी वर चढायचा प्रयत्न केला आणि जास्तच चढले. "राहू दे," बुवा म्हणाले. मग आईकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सुमन, हिचा कान दुसरीकडे लागलाय. गंड्याची घाई नको." मंडळातल्या कोणीतरी पटकन सिंगापूरच्या हवेवर बोलायला सुरुवात केली. आईने ताटातला दोरा पदराखाली घेतला आणि पेढे गणपतीचा प्रसाद म्हणून वाटले. एकेकाच्या हातावर पेढा ठेवत ती हसून म्हणत होती, "घ्या ना, अजून एक घ्या." ते हसणं मी विसरू शकत नाही, म्हणून तिला पूर्ण दोषही देता येत नाही. हेच तर दुखणं आहे.

आता जे सांगते ते मी आईला आजवर सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंघोळीला गेली होती. बुवा स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले. खालून ऊद सुरू झाला, माझाच तुकडा, बंदरावरच्या आईचा. बुवा भांडं हातात धरून खिडकीशी गेले. वाळत घातलेल्या टॉवेलमधून डोकं बाहेर काढून ऐकत राहिले. गंधार आला. बुवांची मान आपोआप हलली, खरी दाद निघते तशी, छातीतून. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "अगदी जागच्या जागी लावतोय हा माणूस." मला वाटलं, सुटले. आता आई आली की हे सांगतील. आई आली, केस टॉवेलात गुंडाळलेले, डोळे सुजलेले. म्हणाली, "बुवा, मला कळलंय हे कुठून आलं ते. मी खाली जाऊन येते." मी बुवांकडे बघितलं. बुवांनी भांडं ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "चहा झाला का?"

एवढंच. काल चार माणसांत बोललेला शब्द सकाळी मागे घ्यायचा नव्हता, बाकी काही नाही. ते दोन दिवसांनी शाल, ड्यूटी-फ्रीची पिशवी आणि माझा सूर घेऊन विमानात बसले. पुढे त्यांना मोठमोठे पुरस्कार मिळाले. मिळू देत.

आई मला दंडाला धरून खाली घेऊन गेली. मरियमबाई शाळेत गेल्या होत्या. उस्तादांनी स्वतः दार उघडलं, "आओ बहन" म्हणाले, चहा ठेवू का म्हणाले. आई उंबऱ्याच्या आत आली नाही. दारातूनच म्हणाली, "आपने मेरी लड़की का सुर बिगाड़ दिया." त्यांना आधी कळलंच नाही. त्यांना वाटलं, माझा घसा बिघडलाय. आल्याचा काढा द्या म्हणून सांगायला लागले. आईने मग नीट समजावून सांगितलं, शाळेतल्या बाई सांगतात तसं. ते आत गेले, ऊद घेऊन आले, दारातच उभ्याने तो सूर वाजवला आणि विचारलं, "यह? यह गलत है?" आई म्हणाली, "हाँ. बेसुरा है." मी म्हटलं, "आई, बुवा सकाळी..." आईने दंड असा दाबला की पुढचं तोंडातच राहिलं. उस्तादांनी ऊदाच्या तारांवर तळवा ठेवला. आवाज न चढवता म्हणाले, "बहन, मेरे मुल्क में मेरे रेकॉर्ड तोड़े गए. मुझे गद्दार बोला. बेसुरा किसी ने नहीं बोला था." मग माझ्याकडे बघून, "जा बेटी. माँ के साथ जा." आणि दार लावून घेतलं, अगदी हलकेच, आपटलं नाही.

मरियमबाईंचा डबा त्या वेळी आमच्याकडे होता. आईने तो घासून, पुसून, रिकामा खाली पाठवला. मी नेणार नाही म्हणाले, तेव्हा बाबा घेऊन गेले. बाबांनी या सगळ्यात तेवढं एक काम केलं. तो डबा पुन्हा वर आला नाही, आणि ऊदही नाही. खिडकीतून कढया यायच्या, टीव्ही यायचा, चिनी आजींचा खोकला यायचा. आई एकदा म्हणाली, "किती शांत वाटतंय ना हल्ली."

मग माझी दुरुस्ती सुरू झाली. रोज पहाटे आई पेटीवर शुद्ध गंधार दाबून ठेवायची आणि मी तो म्हणायचे. पलटे नाहीत, बंदिश नाही, नुसता एक सूर, भाता संपेपर्यंत, आणि भाता भरून पुन्हा. आई निर्दयी नव्हती. मध्येच कोमट पाणी द्यायची, पाठीवरून हात फिरवायची. मी पुष्कळ दिवस तो दुसरा सूर आत कुठेतरी जपून ठेवायचा प्रयत्न केला. बसमध्ये, बाथरूममध्ये म्हणून बघायचे. एक दिवस म्हणायला गेले आणि तो कोमल लागला. पुन्हा घेतला, शुद्ध लागला. मधे काही नव्हतं. नुसती फट. मी बाथरूमचा नळ सोडून खूप रडले आणि बाहेर आले तेव्हा आई म्हणाली, "आज गळा मोकळा वाटतोय तुझा." त्यानंतर मी कायम सुरात गायले. मंडळात गायले, लग्नांत गायले, लोक 'किती सुरेल' म्हणाले. गंडा कधी बांधला नाही. बुवांनी पुन्हा विषय काढला नाही आणि मी पुण्याला गेले नाही. इथेच शिकले आणि बँकेत लागले. गाण्यात माझं म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं.

उस्ताद पुढे काही वर्षांनी गेले, तेराव्या मजल्यावरच. मी लिफ्टमध्ये त्यांना भेटायचे, ते "कैसी है बेटी" विचारायचे आणि मी "ठीक" म्हणायचे. तेवढ्यात लिफ्ट पोचायची. ते गेल्यावर मात्र काय विचारता. वर्तमानपत्रात फोटो आला. कुठकुठल्या देशांचे लोक बिल्डिंगखाली गाड्या लावून मरियमबाईंना भेटायला यायला लागले. ज्या देशाने तबकड्या फोडल्या त्यानेच पुष्पचक्र पाठवलं. एका लेखात लिहिलं होतं की सिंगापूरच्या शेवटच्या वर्षांत या थोर रचनाकाराने नवीन काही केलं नाही. आईने तो लेख मोठ्याने वाचला, चष्मा काढून पुसला, आणि त्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन सांगितलं, "ते आमचे अगदी घरचे. आमच्या चकल्या त्यांना फार आवडायच्या. माझी मुलगी त्यांच्याकडे शिकली आहे." टाळ्या पडल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझ्याकडे वळून बघणाऱ्यांकडे मी हसून मान हलवली, कारण चार माणसांत आईला खोटं पाडायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून ती ते सांगतच आली आहे. आता मंडळात पुंगोल, क्लेमेंटी अशा लांबच्या वस्त्यांतली तरुण मुलं आहेत, पुण्याहून आलेली, आयटीतली. ती मोबाइलवर उस्तादांचं जुनं गाणं लावतात आणि मला विचारतात, "मावशी, तुम्ही खरंच यांच्याकडे शिकलात?" माझी मुलगीही एकदा म्हणाली, "दिस युअर टीचर? सो फेमस वन लाह, मम्मा." मी हो म्हणते. शिकले होते. शिकलेलं कुठे गेलं ते कोणी विचारत नाही.

बाबा गेल्यावर आईला मी माझ्याकडे आणलं, इथेच मरीन परेडला, दोन ब्लॉक पलीकडे. तिची आठवण आता विरत चालली आहे. मला ती कधी कधी स्वतःची धाकटी बहीण समजते. बुवांचं नाव तिला आठवत नाही, गंडा म्हणजे काय ते सांगता येत नाही. पेटी वापरात नाही. ती टीव्हीखाली पडून आहे. या गेल्या रविवारी मी बाजारातून आले, दारात चपला काढत होते, आणि आतून गाणं ऐकू आलं. आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती आणि गुणगुणत होती. शब्द नव्हते, नुसता आकार. मी चप्पल हातात धरून तशीच उभी राहिले. तो बंदरावरच्या आईचा तुकडा होता. मी पुष्कळ भाग विसरले होते. ती विसरली नव्हती. एकामागून एक जागा येत होत्या, उस्तादांनी मान हलवून हलवून बदललेल्या, शेवटी ठरवलेल्या, मी म्हणायचे तशा, खालच्या खिडकीतून वर यायच्या तशा. आणि मग गंधार आला. पिकलेल्या, कापऱ्या आवाजात, पण अगदी जागच्या जागी. ना कोमल ना शुद्ध. ती तिथे थांबली, अजिबात न डगमगता, आणि पुढे गेली.

म्हणजे तिला कळला होता. पहिल्या दिवसापासून, पोळी लाटताना. ज्या कानाला लिफ्टची घंटी जराशी उतरलेली कळायची, त्या कानाला हा सूर चुकून लागलाय की नेमका लावलाय हे कळलं नसेल, असं मी इतकी वर्षं कसं मानलं? मी तिला अडाणी समजून माफ करत आले होते. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

मी आत गेले. हातातली चप्पल खाली टाकली. म्हटलं, "आई, ते परत म्हण."

आईने मला बघितलं. मटारची टोपली बाजूला ठेवली, पदर सारखा केला, पाठ ताठ केली, जशी ती मला कायम करायला लावायची. घसा साफ केला. मग तोच तुकडा म्हणाली आणि गंधारावर आली तेव्हा स्वच्छ, शुद्ध गंधार लावला, आणि माझ्या तोंडाकडे बघत तो धरून ठेवला.

"आता बरोबर लागला ना गं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आता अगदी पेटीसारखा लागला."

ती समाधानाने हसली आणि मटार सोलायला लागली.